आजी-आजोबांचा उन्हाळा

मार्च संपत आला की आमच्या दवाखान्यातल्या तक्रारींची तऱ्हा बदलते. सर्दी-खोकला मागे पडतो आणि "अंगात कडकी भरलीय", "उन्हाळी लागलीय", "उठलं की डोळ्यापुढं अंधारी येतीय" हे सुरू होते. त्यात साठीच्या पुढची माणसे अधिक असतात. तरुण माणूस उन्हातून आला, तांब्याभर पाणी प्याला, लिंबाच्या सावलीला घटकाभर पडला की उठून पुन्हा कामाला लागतो. सत्तरीच्या माणसाचे तसे होत नाही. का होत नाही, हे एकदा समजले की निम्मी काळजी आपोआप घेतली जाते. म्हणून आजचा हा विषय.

सुरुवातीला तापमानाच्या आकड्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रात "कमाल तापमान ३९" असे छापून येते तेव्हा ते सावलीतले तापमान असते. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, वारा खेळेल असा ठेवलेला असतो. एस. टी. स्टँडच्या डांबरावर, पत्र्याच्या शेडखाली किंवा माळरानाच्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला त्यापेक्षा पुष्कळ अधिक सोसावे लागते. दुसरे असे की मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंशांना पोचले आणि ते नेहमीच्या मानापेक्षा साडेचार अंशांनी तरी वर गेले, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. लाट जाहीर झाली नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ बरेच जण काढतात. म्हाताऱ्या माणसाचे शरीर मात्र ती व्याख्या वाचून चालत नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा उन्हाळाही एकसारखा नाही. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या बाजूला डोंगर आणि झाडी आहे. पूर्वेला माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इकडे उघडा माळ, कोरडा वारा आणि चाळिशीपार जाणारा पारा. मधे कृष्णाकाठ. कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात आकडा पूर्वेपेक्षा दोन अंश कमी दिसला तरी पाटाचे पाणी आणि सगळीकडे उभा ऊस, यामुळे हवेत ओल राहते. घाम येतो, पण वाळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो श्रोते भर उन्हात कित्येक तास बसले होते आणि त्यातल्या १४ जणांना उष्माघाताने प्राण गमवावे लागले. त्या दिवशी त्या परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आटपाडीच्या माणसाला ३८ म्हणजे काहीच वाटणार नाही. पण खारघरची हवा खाडीची, दमट; वर छप्पर नाही आणि गर्दीतून चटकन उठून बाहेर पडण्याची सोय नाही. एवढ्या गोष्टी जुळल्या की ३८ अंशही पुरेसे होतात.

घाम का वाळला पाहिजे, ते सांगतो. आपल्या शरीराला थंड करण्याचे मुख्य साधन घाम हेच. मात्र तो नुसता येऊन भागत नाही. तो अंगावरून वाफ होऊन उडाला तरच उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. एवढ्या उष्णतेत सात लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर. पावसाळ्यात माठ गार करत नाही, तसेच दमट हवेत घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि वाया जातो.

आता वयाचा भाग. वय वाढते तसा घाम उशिरा सुटतो आणि कमी सुटतो. आतली उष्णता कातडीपर्यंत आणून सोडण्यासाठी कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावाव्या लागतात आणि हृदयाला जादा रक्त फिरवावे लागते. ते कामही मंदावते. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद उतरते. तरुण शरीरात वजनाच्या सुमारे ६० टक्के पाणी असते, म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे टाकीच लहान झालेली असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तहानेची घंटा नीट वाजत नाही. "डाक्टर, मला तहानच लागत न्हाई बगा," असे एखादी आजी कौतुकाने सांगते आणि आपली प्रकृती काटक असल्याचा तो पुरावा मानते. जीभ कोरडी पडलेली, हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी, आणि तरीही तहान नाही! म्हणून साठीनंतर तहान लागण्याची वाट पाहू नये. माठाशेजारी पेला ठेवावा आणि दर तासाला थोडे थोडे पाणी प्यावे. पुरेसे होते की नाही हे लघवीवरून ओळखता येते. ती फिक्या पिवळ्या रंगाची आणि दिवसातून पाच-सहा वेळा होत असेल तर ठीक. गडद पिवळी, थोडी आणि जळजळ करणारी असेल तर पाणी कमी पडले आहे. आपल्याकडे "उन्हाळी लागली" म्हणतात ती बहुधा हीच. मात्र ताप, थंडी किंवा लघवीतून रक्त असेल तर तिला उन्हाळी समजून घरात बसू नये, तपासून घ्यावे.

पाणी का पीत नाहीत?

या प्रश्नाचे खरे उत्तर बायका दवाखान्यातही चटकन देत नाहीत. फिरवून फिरवून विचारल्यावर कळते की प्रवासाला निघायचे असले की सकाळपासून पाणी तोंडाला लावलेलेच नसते. वाटेत जायला जागा मिळेल याची खात्री नाही, मिळाली तर ती जाण्याजोगी असेल याची तर मुळीच नाही. रानात भांगलणीला गेलेल्या, बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसलेल्या, हळद शिजवायच्या भट्टीजवळ राबणाऱ्या बायकांचे हेच. पुरुषांना प्रोस्टेटच्या त्रासामुळे वारंवार उठावे लागते, म्हणून तेही पाणी तोडतात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला, त्यामुळे म्हातारी माणसे लेकीकडे, देवाला, दवाखान्याला अधिक मोकळेपणी जाऊ लागली. ते चांगलेच झाले. पण दुपारी दोनच्या गाडीत खिडकीशी बसलेली नऊवारीतली आजी सकाळपासून बिनपाण्याची असू शकते, हे शेजारी बसलेल्याला कळत नाही. घरच्यांनी याविषयी आईशी, सासूशी उघड बोलायला हवे. पहाटेच्या गाडीने जावे, वाटेत कुठे थांबता येईल ते आधी ठरवावे. ज्या गावांत यात्रा भरतात तिथल्या पंचमंडळींनीही पिण्याच्या पाण्याइतकीच स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची सोय महत्त्वाची मानावी. शिखर शिंगणापूरची शंभू महादेवाची यात्रा चैत्रात, ऐन उन्हाच्या तोंडावर येते. कावडी मुंगी घाटाने चढतात आणि त्या गर्दीत पासष्टी-सत्तरीची माणसे दरवर्षी असतात. त्यांच्या श्रद्धेविषयी मी काय बोलणार? पण चढण सकाळी लवकर संपवावी, टप्प्याटप्प्यावर सावलीला बसावे, आणि ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी घाटाऐवजी गाडीरस्ता धरावा, एवढे सांगण्याचा हक्क डॉक्टरला आहे.

लग्नाच्या मुहूर्ताचेही असेच. एप्रिल-मेमधला साडेबाराचा मुहूर्त, तो लागेपर्यंत दीड, वर कापडी मंडप, खाली तापलेली फरशी, आणि मानाच्या खुर्चीवर फेटा बांधून बसवलेले आजोबा. पहिली पंगत त्यांना वाढा, नाहीतर निदान ताक तरी द्या.

औषधांचा उन्हाशी संबंध

हा भाग मी जाणूनबुजून विस्ताराने लिहितो आहे, कारण याविषयी फारसे कोणी सांगत नाही. रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी दिलेली असते. थंडीत ती उत्तम काम करते. उन्हाळ्यात घामावाटेही पाणी आणि क्षार जातात, वरून ही गोळी. मग रक्तदाब अंमळ जास्तच उतरतो. पहाटे उठताना चक्कर येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ही साखळी आम्ही अनेकदा पाहतो. याच गटातल्या हायड्रोक्लोरोथायझाइड या औषधाने काहींची कातडी उन्हाला जास्त चिडते, हाता-मानेवर लाल चट्टे उठतात. सर्दीच्या आणि खाजेच्या काही जुन्या गोळ्या, मनाच्या आजारावरची काही औषधे, लघवीच्या घाईवरची औषधे यांनी घामच कमी येतो. हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे उन्हात हृदयाला लागेल तेवढी धाव घेता येत नाही. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले तर त्या औषधाचे रक्तातले प्रमाण धोकादायक होऊ शकते.

हे वाचून कृपा करून उद्या सकाळी गोळ्या बंद करू नका! तसे केल्याने अर्धांगाचा झटका यायचा. मार्चअखेरीस सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांकडे जावे, रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा, आणि उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का ते विचारावे. पाच मिनिटांचे काम आहे.

त्याच भेटीत पाण्याचेही विचारावे. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला सरसकट सगळ्यांना लागू नाही. ज्यांचे हृदय कमजोर आहे, ज्यांच्या मूत्रपिंडाचा विकार पुढे गेलेला आहे, त्यांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असते. ते माप उन्हाळ्यात किती वाढवायचे हे डॉक्टरच ठरवतील.

पेयांत ताक मला सर्वांत आवडते. स्वस्त, पोटाला हलके आणि घरोघरी मिळणारे. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत हीही चांगली. मधुमेह्यांनी पन्ह्यातला गूळ आणि रसवंतीचा रस यांपासून दूर राहावे. रक्तदाबवाल्यांनी ताकात मीठ टाकताना हात आखडावा. खूप घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या, तर मात्र क्षारसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो. चहाने अंगातले पाणी शोषले जाते असे म्हणतात, त्यात फारसे तथ्य नाही. दोन-तीन कप चहाने कोणी कोरडे पडत नाही. अडचण एवढीच की चहा प्यालो म्हणून पाणी राहून जाते.

घरातला उन्हाळा

उन्हात जाऊ नका, घरात बसा, एवढे सांगून आपण मोकळे होतो. पण जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेने सातशेहून अधिक माणसे दगावली आणि ऑगस्ट २००३ मध्ये एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार. यात म्हातारी माणसे फार मोठ्या संख्येने होती, आणि त्यातली पुष्कळशी रस्त्यावर वा रानात नव्हे, आपल्याच घरात, खिडक्या बंद करून, एकटी असताना गेली. फ्रान्समध्ये तर तो सुट्ट्यांचा महिना. मुले बाहेरगावी गेलेली.

आपल्याकडे काय चित्र आहे? सातारा-सांगलीच्या पूर्वभागातल्या कितीतरी गावांत तरणी माणसे मुंबई-पुण्याला, आणि घरात दोन म्हातारी किंवा एकटी म्हातारी. पूर्वी या भागात जाड भिंतींची माळवदाची घरे होती. दुपारी आत पाऊल टाकले की जिवाला थंडावा वाटे. त्यांच्या जागी पत्रा आला, स्लॅब आला. पत्रा दिवसा भाजतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. रात्रीसुद्धा शरीराला विसावा मिळाला नाही, असे लागोपाठ तीन-चार दिवस गेले, की चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. तेव्हा घरच्यांना वाटते, "काल तर चांगली बोलत होती."

यावर उपाय महागडे नाहीत. स्लॅबवर, पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारावा. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडबा पसरतात, त्याने फरक पडतो. पण खालची चूल आणि वरून गेलेली विजेची तार पाहूनच पसरावे. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या दिवसा झाकाव्यात, सूर्य कलल्यावर सताड उघडाव्यात. दाराला ओले गोणपाट लावावे. पंख्याविषयी एक गोष्ट सांगतो. खोलीतली हवा चाळीसच्या घरात गेली की कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडणे म्हणजे गरम फुंकर घालणे. अशा वेळी ओल्या फडक्याने हात, मान, छाती पुसत राहावे आणि मग पंखा लावावा. रात्री अंगणात किंवा ओसरीवर झोपता आले तर फारच उत्तम.

आणि मुंबई-पुण्याच्या मुलांनी मे महिन्यात रोज एक फोन करावा. "जेवलीस का?" या प्रश्नाला आई "हो" म्हणणारच. त्याऐवजी "आज लघवीला किती वेळा गेलीस? रात्री झोप लागली का?" असे विचारावे. बोलण्यात गोंधळ वाटला, तेच तेच बोलू लागली, की शेजाऱ्यांना लगेच घरात पाठवावे.

बाहेर जाणे भाग असेल तर दुपारी बारा ते चार ही वेळ टाळावी. पेन्शनसाठी बँकेत, शेळ्या घेऊन रानात, जिथे जायचे तिथे सकाळी जावे. आपला फेटा, पटका किंवा डोक्यावरून घेतलेला सुती पदर ही पिढ्यांची शहाणी सोय आहे. कापडाच्या थरांत हवा धरून राहते. नायलॉनच्या साडीला आणि प्लॅस्टिकच्या टोपीला तो गुण नाही. खिशात कांदा ठेवण्याची रीत अजून आहे. कांदा ताकाबरोबर खावा, खिशात ठेवून तो ऊन ओढून घेत नाही. वर्षानुवर्षांच्या प्रखर उन्हाने मोतीबिंदूला हातभार लागतो आणि डोळ्यात मांस वाढते, म्हणून काठाची टोपी किंवा छत्री वापरावी. गॉगल घालायला आजोबा लाजतात; नातवाने आणून दिला तर घालतात असा माझा अनुभव आहे.

ऊन बाधले हे कसे ओळखावे?

थकवा, पायात गोळे, मळमळ, डोके दुखणे, भरपूर घाम, ही पहिली पायरी. माणूस शुद्धीवर आणि नीट बोलत असतो. त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, पाय थोडे उंच ठेवून निजवावे, घोट घोट ताक किंवा क्षारसंजीवनी द्यावी. अर्ध्या-पाऊण तासात बरे वाटले पाहिजे. नाही वाटले तर दवाखाना.

दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. अंगाचा ताप १०४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, आणि मेंदूवर परिणाम. माणूस बरळतो, झोकांड्या देतो, घरच्यांना ओळखत नाही, झटके येतात, बेशुद्ध होतो. कातडी कोरडी ठणठणीत असेलच असे नाही, रानात राबणाऱ्याला घाम सुटलेलाही असतो. भर उन्हाळ्यात म्हातारे माणूस अचानक भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर देवऋषी किंवा दृष्ट काढणे यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि गाडीची वाट पाहताना तिथेच थंड करायला सुरुवात करावी. कपडे काढावेत, अंगावर सतत पाणी ओतावे, दोघांनी वारा घालावा, बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा इथे ठेवावा. रुग्णाला एका कुशीवर वळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे कामाची नाही, कारण हा ताप जंतूंनी आलेला नाही. तळव्यांना कांद्याचा रस चोळायला हरकत नाही, पण त्यापायी पाणी ओतणारे हात थांबता कामा नयेत. या दुखण्यात मिनिटांचा हिशेब असतो. जितका वेळ शरीर तापलेले राहील तितके मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांचे नुकसान अधिक.

जाता जाता, एका वाचकाने विचारले आहे की घरात फ्रीज नाही, आणि वडिलांना दोन वेळा इन्शुलिन घ्यावे लागते. उन्हाळ्यात ते कसे ठेवावे? एक मोठा मातीचा माठ घ्यावा, त्यात ओली वाळू भरावी आणि मधे छोटे मडके बसवावे. इन्शुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, डब्यात घालून त्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके टाकावे. वाळू रोज सकाळ-संध्याकाळ भिजवावी, माठ सावलीत वारा लागेल असा ठेवावा. वापरात असलेली बाटली अशी साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. एकदम तीन-चार महिन्यांच्या बाटल्या मात्र आणून ठेवू नयेत. औषधाच्या दुकानातून लागेल तशी एकेक आणावी, आणि आणताना दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते.